नाव लिहिलेले अंक

जळगावात एका जिनिंग फॅक्टरीच्या मागच्या गल्लीत एक बाई कागदी पिशव्या चिकटवत असे. तिचा नवरा जिनमध्ये हमाल होता. कोपऱ्यावरचा वाणी तिला रद्दी तोलून देई आणि पिशव्या तोलून परत घेई. वजन कमी भरलं तर मजुरी कापली जाई. संध्याकाळी चुलीवर खळ शिजे. मग ती आणि तिचा आठ वर्षांचा मुलगा कंदिलापाशी बसून कागदांच्या घड्या घालत.

मुलगा नुकता भराभर वाचायला शिकला होता. घडी घालण्याआधी तो प्रत्येक पान वाचून काढी. कापसाचे भाव, सिनेमाच्या जाहिराती, कुणाच्या तरी परीक्षेचे पेपर, हरवले-सापडले. आई म्हणे, "भाऊ, वाचत बसलं की हात थांबतो." हात थांबे हे खरं होतं. तरी ती त्याच्या हातातला कागद कधी ओढून घेत नसे.

एका संध्याकाळी त्या गठ्ठ्यात एक रंगीत पुस्तक निघालं. ते इंद्रजाल कॉमिक्स होतं. टाइम्स ऑफ इंडियानं १९६४ च्या मार्चमध्ये मुंबईहून ही मालिका सुरू केली होती. किंमत साठ पैसे. अमेरिकेतल्या ली फॉक यांनी १९३६ साली वर्तमानपत्रासाठी लिहायला घेतलेला एक नायक या पुस्तकांतून मराठीत वेताळ होऊन आला होता. तोंडावर मुखवटा, बोटात कवटीची अंगठी, राहायला कवटीच्या आकाराची गुहा. साठ पैसे म्हणजे त्या घरात पुष्कळ पिशव्या झाल्या असत्या. असं पुस्तक विकत घ्यायचं कुणाच्या मनातही आलं नसतं. ते रद्दीतून आलं म्हणून आलं.

मुलानं ते त्या रात्री वाचलं, सकाळी पुन्हा वाचलं. मारामारीची पानं त्याला आवडलीच, पण त्याचा जीव अडकला तो एका वेगळ्याच चित्रात. वेताळ गुहेत परत आला होता आणि एका जाडजूड वहीत लिहीत बसला होता. मागे भिंतभर तशाच वह्या होत्या. त्याच्या आधीच्या वीस वेताळांनी आपापल्या काळात जे केलं, जे पाहिलं, ते सगळं त्या वह्यांत लिहून ठेवलं होतं. मुलानं आईला विचारलं, "आपल्याकडे आजोबांची वही आहे का?"

"आजोबांना लिहिता येत नव्हतं."

"मग त्यांनी काय काय केलं ते कुठं लिहिलंय?"

आई खळ ढवळत होती. ती म्हणाली, "कुठंच नाही."

पुस्तक ठेवून घ्यायचं तर वाण्याचं वजन भरायला हवं होतं. मुलगा उठला आणि आपली दुसरीच्या वर्गातली वही घेऊन आला. तिच्यात गुरुजींच्या शेऱ्यांची पानं होती, ती त्याला प्रिय होती. पण वजन जवळजवळ तेवढंच होतं. आईनं वहीच्या पिशव्या केल्या, आणि वेताळाचं पुस्तक घरात राहिलं. मला वाटतं, त्या मुलानं पुढं आयुष्यात जे जे सौदे केले त्या सगळ्यांची बुद्धी त्याला या पहिल्या सौद्यातच आली होती.

एकाचे दोन झाले, दोनाचे दहा झाले. तेव्हा उन्हाळ्याच्या सुटीत गल्लोगल्ली पुस्तकं भाड्यानं मिळत. कुणी ओट्यावर दोरी बांधून त्यावर कॉमिक्स टांगी, शेजारी चांदोबाचे जुने अंक रचून ठेवी. मुलगा अशा एका ओट्यावर दिवसभर पुस्तकं लावायचं काम करू लागला. मजुरी म्हणून त्याला वाचायला फुकट मिळे, आणि सुटी संपताना भाड्यावर देण्याच्या लायकीची न उरलेली फाटकी पुस्तकं मिळत. ती तो आईच्या खळीनं चिकटवी. मेहरूणच्या तळ्यावर मित्र बोरं खायला जात, तेव्हा हा रद्दीच्या दुकानात गठ्ठे उपसत बसे. घरात एक पत्र्याची ट्रंक होती. त्यातले कपडे हळूहळू खुंटीवर आले आणि ट्रंक पुस्तकांची झाली.

मॅट्रिक झाल्यावर काही वर्षांनी तो एसटीत कंडक्टर म्हणून लागला. आता सगळे त्याला मास्तर म्हणू लागले. त्यांना बहुतेक वेळा जळगाव-धुळे गाडी मिळे. पाळधी, एरंडोल, पारोळा, मुकटी, फागणे, धुळे. या रस्त्यावरचं प्रत्येक गाव त्यांना दोन गोष्टींनी ठाऊक झालं: तिथं किती तिकिटं चढतात आणि तिथं रद्दीवाला कुठं बसतो. गाडी दहा मिनिटं थांबली तर ते चहा न पिता रद्दीच्या दुकानात डोकावून येत. ड्रायव्हर हॉर्न देई. मास्तर काखेत गठ्ठा घेऊन धावत येत आणि डबल बेल देत.

१९७६ साली आबिद सुरती यांचा बहादूर इंद्रजालमध्ये आला होता. डाकूंशी लढणारा, आपल्याच मातीतला नायक. मास्तरांनी त्याचे अंकही जमवले. जादूगार मँड्रेकचे जमवले. सुरुवातीच्या कितीतरी अंकांवर गोविंद नावाच्या चित्रकाराची मुखपृष्ठं होती, ती त्यांना दुरून ओळखता येत. प्रत्येक अंकावर क्रमांक असे, आणि कुठला क्रमांक आपल्याकडे नाही हे त्यांना तोंडपाठ होतं.

आणि ते अजून एक काम करत. बहुतेक जुन्या अंकांवर कुणा ना कुणा मुलाचं नाव असे. नाव, इयत्ता, तुकडी, गाव. कुणी खाली दम भरलेला असे, कुणी समासात गणित सोडवलेलं असे. मास्तरांना अंक कोरे करकरीत हवे असत. पेन्सिलचं नाव ते रबरानं पुसत. शाईचं असलं तर ब्लेडनं हलक्या हातानं खरवडत. सुटीच्या दिवशी दुपारभर ते हेच करत बसत.

एकदा धुळ्याला त्यांची गाडी बिघडली. दुसरी गाडी मिळेपर्यंत दुपार मोकळी होती. गल्ल्यांना नंबर असलेल्या त्या गावात हिंडता हिंडता ते राजवाडे संशोधन मंडळाच्या दारात आले. आत पुस्तकं आहेत एवढंच त्यांना माहीत होतं, म्हणून ते आत गेले. एक वयस्कर गृहस्थ तिथं बसले होते. खाकी गणवेशातला माणूस बघून ते म्हणाले, "या मास्तर, काय बघायचंय?"

मास्तर म्हणाले, "जुने कागद सांभाळतात कसे ते बघायचंय."

ते गृहस्थ खुश झाले. त्यांनी कडुलिंबाचा पाला दाखवला, लाल फडक्यात बांधलेली दप्तरं दाखवली, कसर कशी लागते आणि वाळवी कुठून चढते ते सांगितलं. मग त्यांनी राजवाड्यांची गोष्ट सांगितली. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडले. कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या तळघरात जुनी दप्तरं पडलेली असत, त्यांचा ते माग काढत. मागायचे, विनवायचे, नकलून घ्यायचे. त्यातून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालिकेचे बावीस खंड निघाले. पहिला १८९८ साली. १९२६ च्या डिसेंबरात शेवटच्या दिवशी ते याच धुळ्यात वारले, आणि पुढच्याच वर्षी त्यांचा संग्रह जतन करायला लोकांनी हे मंडळ काढलं.

मग त्या गृहस्थांनी मोडी लिपीतला एक कागद समोर ठेवला. मास्तरांना त्यातलं अक्षरही लागलं नाही. "हे एक साधं कर्जाचं पत्र आहे," ते म्हणाले. "बाजारात याला चार आणे कुणी देणार नाही. पण हे कुणाचं, कुणाच्या घरात होतं, कुठल्या गावचं, ते कळलं की हा कागद बोलायला लागतो. ते पुसलं गेलं तर मग नुसता कागद."

मास्तर बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. मग विचारलं, "आणि ज्यानं पुसलं, त्याला ते परत लिहिता येतं का?"

"कसं येईल?" गृहस्थ म्हणाले.

त्या रात्री घरी येऊन मास्तरांनी रबर आणि ब्लेड फेकून दिलं. खरवडलेले अंक त्यांनी कंदिलासमोर तिरपे धरून पाहिले. काही नावांचे वळ कागदावर उमटलेले होते, ती त्यांनी लावून काढली. बाकीची गेली ती गेलीच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक जाड नोंदवही आणली. कंडक्टरला वेबिल लिहायची सवय असतेच. कुठं किती चढले, कुठं किती उतरले, याचा हिशेब रोज लिहावा लागतो. तशाच ओळी आखून मास्तर लिहू लागले. अंकाचा क्रमांक, कुठल्या दुकानातून घेतला, तारीख, वर नाव कुणाचं, आत काय काय लिहिलेलं. 'पारोळा, बाजारातलं दुकान. इयत्ता पाचवी ब. बाराव्या पानावर भागाकार, चुकलेला. मागच्या पानावर दोन विमानं.' असं सगळं.

मग त्यांना त्या मुलांची ओढ लागली. ही मुलं आता मोठी झाली असतील. कुठं असतील? मास्तरांच्या हाताशी रोज एक भरलेली गाडी होती. तिकिटं फाडून झाली, सुटे पैसे देऊन झाले की ते एरंडोलच्या माणसाला विचारत, "अमुक आडनावाचं घर आहे का हो तुमच्याकडे? त्या घरात अमुक नावाचा मुलगा होता का?" काही लोक हसत. काही विचारत, "मास्तर, पैसे बुडवले का त्यानं?" पण अशा विचारण्यातून माणसं सापडू लागली. एक बँकेत साहेब झाला होता. एकाची रावेरकडे केळीची बाग होती. एक शाळेत शिकवत होता आणि मुलांकडून कॉमिक्स जप्त करत होता. मास्तरांनी त्याला त्याचा अंक दाखवला. गुरुजींनी स्वतःचं लहानपणचं अक्षर पाहिलं, आणि त्या दिवसापासून त्यांचं जप्त करणं बंद झालं.

१९९० साली इंद्रजाल बंद पडलं. नवे अंक येणं थांबलं. मास्तरांना वाईट वाटलं, पण त्यांचं काम नव्या अंकांवर चाललेलंच नव्हतं. लोकांच्या माळ्यांवरून जुने अंक उतरतच होते.

काही वर्षांनी मास्तरांच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला. फी भरायची होती. पगारातून भागत नव्हतं, सोसायटीचं कर्ज आधीच काढलेलं होतं. बायकोनं हातातल्या पाटल्या काढून पुढं ठेवल्या. मास्तर म्हणाले, "थांब. आधी माझं विकू."

जुन्या कॉमिक्सना आता शहरात भाव आला होता. कुणाकडून तरी निरोप गेला आणि मुंबईहून एक खरेदीदार आला. चांगला, सभ्य माणूस होता. त्यानं दिवसभर बसून एकेक अंक उलटून पाहिला. संध्याकाळी त्याच्यासमोर दोन ढीग झाले होते. एका ढिगात कोरे अंक होते, कोपरे न दुमडलेले, कुठंही शाई न लागलेले. दुसऱ्यात नावं लिहिलेले, गणितं सोडवलेले, चित्रांना मिशा काढलेले.

पहिल्या ढिगाची त्यानं जी किंमत सांगितली तिच्यात फी भरून वर पाटल्याही वाचत होत्या. दुसऱ्या ढिगाकडे बघून तो म्हणाला, "हे खराब झालेत काका. हवं तर सगळे मिळून रद्दीपेक्षा थोडं जास्त देतो."

"नको," मास्तर म्हणाले. "ते विकायचे नाहीत."

"मग मोलाचे सगळे तुम्ही मला दिलेत."

मास्तर काही बोलले नाहीत. त्यांनी पैसे मोजून घेतले, त्या माणसाला कढीखिचडी जेवू घातली आणि अंक नीट बांधून दिले. रात्री नोंदवहीत प्रत्येक विकलेल्या अंकापुढं लिहिलं: 'मुंबईला गेला. मुलीच्या शिक्षणासाठी.' इंद्रजालचे सगळे मिळून अंक ८०० च्या घरात निघाले होते. मास्तरांच्या मनात ती ओळ पुरी करायची होती. ती आता कधीच पुरी होणार नव्हती. पण त्यांना झोप चांगली लागली.

मुलगी परिचारिका झाली. मास्तर निवृत्त झाले. उन्हाळ्याच्या सुटीत त्यांनी ओट्यावर सतरंजी टाकली आणि गल्लीतल्या मुलांसाठी ते अंक वाचायला ठेवले. भाडं नव्हतं. अट एकच होती: वाचून झालं की वहीत आपलं नाव, इयत्ता आणि तारीख लिहायची.

वस्तू जमवणारी माणसं पुष्कळ असतात, आणि त्यात वाईट काही नाही. पण वस्तू कितीही दुर्मीळ असली तरी तिच्यासारखी दुसरी कुठं ना कुठं मिळते. ती कुणाच्या उशाशी होती, कुणी ती वाचताना भागाकार चुकवला, हे मात्र एकाच जागी लिहिलेलं असतं आणि तिथून गेलं की जगातून जातं. मास्तरांच्या वडिलांचं, आजोबांचं काही कुठंच लिहिलेलं नव्हतं. म्हणून असेल, त्यांनी परक्यांच्या मुलांची नावं आपली म्हणून सांभाळली.

एक दिवस दुपारी पारोळ्याहून एक म्हातारी बाई आली. सोबत नातू होता. एसटीत बरोबर काम केलेल्या कुणीतरी तिला सांगितलं होतं, की जळगावात एका मास्तरांकडे तुमच्या घरचं नाव असलेलं पुस्तक आहे. मास्तरांनी नोंदवही उघडली. पान सापडलं, अंक सापडला. पारोळ्याच्याच दुकानातून घेतलेला, पाचवी ब, भागाकार चुकलेला.

बाईंनी चष्मा लावला. नावावरून बोट फिरवलं. इतका वेळ त्या मास्तरांशी जपून, शहरी बोलत होत्या. आता एकदम म्हणाल्या, "हाई मन्हा भाऊनं नाव शे."

भाऊ लहानपणीच तापानं गेला होता. त्याचा एकही फोटो नव्हता. घर बदललं तेव्हा त्याच्या वह्या-पुस्तकं रद्दीत गेली होती. "मला हात लावू द्यायचा नाही तो याला," बाई म्हणाल्या. "मळकट हात आहेत म्हणायचा. मागची विमानं मात्र मीच काढली होती. मग मार खाल्ला."

मास्तरांनी अंक कागदात गुंडाळायला घेतला. "घेऊन जा ताई. तुमचाच आहे."

बाईंनी त्यांचा हात थांबवला. "नको. घरी नेला तर मी आहे तोवर राहील. पुढं पुन्हा रद्दीत जाईल. इथं वहीत लिहिलेलं आहे, इथंच राहू द्या. एवढं करा, विमानं कुणी काढली तेही लिहा."

मास्तरांनी पेन घेतलं आणि त्या जुन्या नोंदीखाली बाईंचं नाव लिहिलं. मग बाईंनी विचारलं, "पारोळ्याकडे गाडी कधी आहे?"

निवृत्त होऊन वर्षं झाली होती, पण वेळापत्रक मास्तरांच्या जिभेवर होतं. "आता पावणेपाचला धुळे गाडी आहे. ती चुकली तर साडेपाचला."

"साडेपाचच्या गाडीनं जाते," बाई म्हणाल्या आणि मुलांच्या शेजारी सतरंजीवर बसल्या. त्यांनी अंक पहिल्या पानापासून वाचायला घेतला. अक्षर लावत, सावकाश. नातू कंटाळून आत पाणी प्यायला गेला आणि मास्तरांच्या बायकोशी गप्पा मारत बसला. बाईंचं शेवटचं पान वाचून झालं. गोष्ट तिथं संपत नव्हती. वेताळ शत्रूच्या जहाजावर अडकलेला होता.

"याचा पुढचा भाग आहे का?" त्यांनी विचारलं.

मास्तरांनी नोंदवही चाळली आणि ट्रंकेतून तो अंक काढून आणला. तो एरंडोलहून आलेला होता आणि त्यावर दुसऱ्याच कुणा मुलाचं नाव होतं. बाईंनी आधी ते नाव मोठ्यानं वाचलं, मग गोष्ट वाचायला घेतली.